ती गेली म्हणून मी गेले

कुणी भाकरी थापत असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणी बचत गटाच्या बैठकीत मोबाईल मधे ठेवून ऐकत असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान फक्त माझ्याकडं द्या. आजचा विषय रोजचाच आहे. रस्ता ओलांडायचा. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? लहानपणापासून ओलांडतोय की. मीही असंच म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि माझी धाकटी जाऊ आठवडी बाजार करून एस.टी.नं परत आलो. आमच्या फाट्यावर गाडी रसवंतीसमोर थांबते आणि गाव रस्त्याच्या पलीकडं आहे. रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत, पण ते पुढं शाळेपाशी. मोजून चाळीस पावलं. दोन्ही हातांत पिशव्या, वर ऊन, चाळीस पावलं कोण चालतं? बस अजून उभीच होती. मी बसच्या पुढून डोकावले, रस्ता मोकळा दिसला, झपझप पलीकडं गेले. पलीकडं पोचल्यावर मागं वळून हाक मारली, "ये की गं, मोकळा हाय रस्ता!"

ती आली. माझ्याकडं बघत आली. रस्त्याकडं तिनं बघितलंच नाही, कारण मोठ्या जावेनं सांगितलं होतं ना, मोकळा आहे म्हणून. आणि उभ्या बसला उजवीकडून ओलांडून एक मोटरसायकल आली.

मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळी घातली. आज ती चालते, पण पाय ओढत. खुरपायला खाली बसता येत नाही, त्यामुळं तिची मजुरी गेली. तिनं मला कधी बोल लावला नाही. मीच लावते. रस्ता मोकळा होता हे खरं, पण तो मी ओलांडला तेव्हा मोकळा होता. तिच्यासाठी तो पुन्हा बघायला हवा होता, आणि तो तिनं स्वतः बघायला हवा होता.

म्हणून आज जे सांगणार आहे त्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. ती गेली म्हणून मी जायचं नाही. प्रत्येकीनं आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच पाऊल टाकायचं.

आता त्या पांढऱ्या पट्ट्यांकडं येऊ. त्यांना झेब्रा क्रॉसिंग म्हणतात. गाडीवाल्याला रस्ता जसा चालवायला दिलाय, तसे हे पट्टे आपल्याला चालायला दिलेत. केंद्र सरकारचे गाडी चालवण्याबद्दलचे २०१७ चे नियम आहेत. त्यात स्पष्ट म्हटलंय की जिथं सिग्नल किंवा पोलीस नाही, नुसते पट्टे आहेत, तिथं चालकानं वेग कमी करायचा, थांबायचं आणि पायी जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यालाही आधी जाऊ द्यायचं. पुढं गाड्यांची रांग लागली असेल, तर आपली गाडी पट्ट्यांवर आणून अडकवायची नाही. पट्ट्यांवर किंवा फूटपाथवर गाडी लावून ठेवायची नाही. सिग्नल असेल तिथं पट्ट्यांच्या अलीकडं एक आडवी जाड रेघ असते, लाल दिव्याला गाडीचं पुढचं चाक त्या रेघेच्या मागंच थांबलं पाहिजे. म्हणजे पट्ट्यांवरून जाताना आपण कुणाच्या मेहेरबानीवर जात नाही. तो आपला हक्क आहे. मान खाली घालून, अपराधी असल्यासारखं पळायचं काहीच कारण नाही.

पण बायांनो, हक्क म्हणजे चिलखत नव्हे. पट्टे रंगाचे असतात, भिंतीचे नसतात. नियम चालकाला माहीत असेलच असं नाही, माहीत असला तरी त्याचं लक्ष असेलच असं नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि त्यातली ३२ हजारांहून जास्त पायी चालणारी होती. पायी चालणाऱ्याला ना हेल्मेट, ना पत्रा. म्हणून हक्क बजावायचा, पण बघून बजावायचा.

कसं बघायचं? आपल्याकडं गाड्या डाव्या हातानं चालतात. आपण कडेला उभं राहिलो की आपल्या सगळ्यात जवळची गाडी उजवीकडून येते. म्हणून आधी उजवीकडं बघायचं, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. रस्त्याच्या मध्यावर पोचता पोचता नजर डावीकडं वळवायची, कारण पलीकडच्या अर्ध्या भागात गाड्या डावीकडून येतात. मधे दुभाजक असेल तर तो एक रस्ता नाही, दोन रस्ते आहेत असं समजायचं. दुभाजकापाशी थांबायचं, श्वास घ्यायचा, डावीकडं बघून मग दुसरा रस्ता ओलांडायचा. आणि आपल्याकडं उलट्या बाजूनं येणारे मोटरसायकलवाले काही कमी नाहीत, म्हणून एका बाजूला बघून भागत नाही. दोन्हीकडं नजर हवी.

डोक्यावरचा पदर आणि डोक्यावरचा भारा, दोन्ही बाजूचं दिसू देत नाहीत. भारा असेल तर नुसती मान वळत नाही, अख्खं अंग वळवून बघा. पदर असेल तर कडेला उभं राहून क्षणभर कानामागं घ्या. कुणी काही म्हणणार नाही. फोनवर बोलणं चालू असेल तर "थांब गं, रस्ता ओलांडते" म्हणून फोन खाली घ्या. गाडी आधी कानाला कळते, मग डोळ्याला.

आता प्रश्न असा की गाडी किती लांब असली म्हणजे जायचं? इथंच आपला अंदाज चुकतो. थोडा हिशोब करू, गटाच्या हप्त्यासारखाच सोपा आहे. दोन गाड्या शेजारून जातील एवढा रस्ता असेल, तर तो सात मीटरच्या आसपास असतो. पिशवी घेऊन, पोराचा हात धरून आपल्याला तो ओलांडायला सात-आठ सेकंद लागतात. साठच्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते. आठ सेकंदांत झाले १३६ मीटर. ऐंशीच्या वेगाची गाडी तेवढ्याच वेळात पावणेदोनशे मीटरच्या पुढं येते. विजेचे खांब साधारण चाळीस-पन्नास मीटरवर असतात. तेव्हा सोपा ठोकताळा असा, की चौथ्या खांबाच्या अलीकडं धावती गाडी दिसली तर थांबायचं. सासूबाई बरोबर असतील किंवा डोक्यावर वैरण असेल तर पाचवा खांब धरायचा.

आणि गाडीवाल्यानं आपल्याला बघून ब्रेक दाबला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही. साठच्या वेगात, कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकची गाडीसुद्धा चाळीसेक मीटर पुढं येऊन थांबते. पावसात त्याहून जास्त. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर हळू दिसतो, पण त्याला थांबायला सांगणं म्हणजे उतारावरच्या दगडाला सांगणं. हंगामात त्याच्यापुढून घाई करायची नाही, आणि दोन ट्रॉल्यांच्या मधून तर कधीच नाही.

नुसत्या पट्ट्यांवर जाताना एक रीत सांगते. कडेला उभं राहा. चालकाच्या तोंडाकडं बघा. हात वर करून त्याला दाखवा की मला जायचंय. त्यानं वेग कमी केला, गाडी थांबायला लागली, हे डोळ्यांनी दिसलं की मग पाऊल टाका. त्यानं लांबून दिवा उघडझाप केला तर तो "या बाई" म्हणत नाही. आपल्याकडं त्याचा अर्थ बहुतेक वेळा "मी येतोय, थांबा" असाच असतो. त्या दिव्यावर विसंबू नका. ओलांडताना पळू नका, पळताना चप्पल निसटते, साडी पायात येते. सरळ, झपझप चाला. तिरपं गेलात तर तोच रस्ता दीडपट होतो.

रुंद रस्त्यावर एक फसवा प्रसंग येतो. जवळच्या रांगेतला एखादा भला चालक थांबतो आणि हातानं "जा" म्हणून खुणावतो. त्याचं मन चांगलं असतं, पण त्याच्या पलीकडून दुसरी गाडी पुढं येत असते. तिला आपण दिसत नाही, आपल्याला ती दिसत नाही. म्हणून थांबलेल्या गाडीच्या कडेला पोचलात की पुन्हा थांबा, डोकावून बघा, मग पुढं जा.

तालुक्याच्या गावी सिग्नल असतो. तिथं गाड्यांचा दिवा बघायचा नाही, पायी चालणाऱ्यांचा दिवा असेल तर तो बघायचा. लाल माणूस उभा असेल तर आपणही उभं राहायचं. हिरवा माणूस दिसला की जायचं, पण डावीकडं वळणाऱ्या गाड्यांकडं लक्ष ठेवूनच. हिरवा दिवा लुकलुकायला लागला असेल तर नव्यानं पाऊल टाकायचं नाही. अर्ध्या वाटेत असताना लुकलुकायला लागला तर मागं पळायचं नाही, आहे ती वाट पुरी करायची. चौकात हवालदार उभे असतील तर दिव्यापेक्षा त्यांच्या हाताला मान.

आता चाळीस पावलांकडं परत येते. पट्टे दिसत असताना अलीकडून-पलीकडून रस्ता ओलांडणं हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. चालकाचं लक्ष पट्ट्यांकडं असतं, माणूस तिथून येईल अशी त्याची तयारी असते. आपण मात्र वीस-तीस पावलं आधीच मधे उतरतो. शिवाय पुढं काही झालं आणि भरपाईचा दावा लागला, तर कोर्टात विचारतात की पट्टे जवळ असताना बाई तिथून का गेली नाही. तिची थोडी चूक धरली गेली तर तेवढी भरपाई कमी होऊ शकते. म्हणून पट्टे नजरेच्या टप्प्यात असतील तर तिथवर चाला. चाळीस पावलांना अर्धा मिनिट लागतो. माझ्या जावेचं तीन वर्षांचं दुखणं त्या अर्ध्या मिनिटातलं आहे.

पट्टे जवळ नसतीलच, तर निदान सरळ रस्ता निवडा, जिथून दोन्हीकडचं लांबवर दिसतं. वळणावर, चढाच्या माथ्यावर, पुलाच्या तोंडाशी ओलांडायचं नाही. उभ्या ट्रकमागून, टपरीच्या आडून एकदम बाहेर यायचं नाही. एस.टी.तून उतरलात की बसच्या पुढून नाही आणि मागूनही नाही, बस जाऊ द्यायची. ती गेली की रस्ता दोन्हीकडं दिसतो. पट्टे नसले म्हणून चालक मोकळा सुटत नाही, पायी जाणाऱ्याची, लहान मुलांची, म्हाताऱ्या माणसांची विशेष काळजी घेणं हे सगळीकडंच त्याचं काम आहे. पण आपणही त्याला आपण दिसू अशा जागी उभं राहायला हवं. पहाटे किंवा अंधार पडल्यावर जायचं असेल तर बॅटरी हातात ठेवा, खांद्यावर पांढरा टॉवेल किंवा फिकट रंगाची ओढणी टाका. गडद साडी अंधारात दिव्याच्या उजेडातही उशिरा दिसते.

मुलांचं एक सांगते. पोराचं बोट धरू नका, मनगट धरा. बोट सुटतं, मनगट सुटत नाही. आणि पलीकडून पोराला कधी हाक मारू नका. आई दिसली की पोर रस्ता बघत नाही, आईकडं पळतं. पलीकडं मूल असेल तर आपण जाऊन त्याला आणायचं.

एवढं करूनही अपघात झालाच, तर १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका येते. पोलिसांसाठी ११२ आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमीला मदत करणाऱ्या माणसाला कायद्यानं संरक्षण दिलंय, त्यामुळं "पोलिसांची कटकट नको" म्हणून कुणी मागं सरू नका. गाडीचा नंबर कुणीतरी लिहून घ्या. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. गाडी सापडली तर मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा करायचा असतो. त्याला कायद्यात सहा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणून दुखण्याच्या धांदलीत ते विसरू नका. वकिलाच्या फीला घाबरू नका. बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा.

आणि आता शेवटचं, पण गटांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या फाट्यावर पट्टे शाळेपाशी आहेत आणि बस थांबते रसवंतीपाशी. बाया उतरतात एकीकडं आणि पट्टे दुसरीकडं. ही चूक काही बायांची नाही. पट्टे कुठं हवेत हे जी रोज रस्ता ओलांडते तिला विचारलं पाहिजे, आणि कुणी विचारत नसेल तर तिनं सांगितलं पाहिजे. आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला होतात हे तुम्हाला माहीत आहेच. महिला सभेत हा विषय मांडा आणि ग्रामसभेत ठराव करून घ्या. ठरावात नुसतं "रस्ता सुरक्षित करा" लिहू नका. नेमकी जागा लिहा, तिथून किती मुलं, किती बाया रोज जातात ते मोजून लिहा. काय हवंय ते लिहा. पट्टे हवेत, त्यांच्या आधी गतिरोधक हवेत, लाल कडेच्या त्रिकोणात चालणारा माणूस असतो तो फलक हवा, रात्री दिवा हवा, किंवा बसचा थांबाच पट्ट्यांजवळ हलवायला हवा.

ठराव कुणाकडं द्यायचा ते रस्ता कुणाचा यावर आहे. गावातला आणि जिल्ह्याचा लहान रस्ता जिल्हा परिषदेकडं. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरणाच्या किंवा राष्ट्रीय महामार्ग विभागाच्या कार्यालयाकडं. एक प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. प्रत्येक अर्जावर पोच घ्या, शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसली तर अर्ज दिलाच नाही असं समजा. हे आपण हप्त्याच्या पावतीवरून शिकलोच आहोत. आणि एकदा पट्टे मारले म्हणून विसरू नका, दोन पावसाळ्यांत रंग पुसतो. पुसलेल्या पट्ट्यांवर चालक थांबत नाही.

पुढच्या बैठकीला एक काम करा. हप्ते गोळा झाले की सगळ्या मिळून आपल्या फाट्यावर जा. रस्त्यावर उतरू नका, कडेलाच उभ्या राहा. बस थांबते तिथून पट्टे किती पावलांवर आहेत ते मोजा. चौथा खांब कोणता ते ठरवून ठेवा. मग पट्ट्यांवरून नीट ओलांडा आणि गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला किती सेकंद लागले ते मनात मोजा. आपल्या गावाचा हिशोब तोच, माझ्या आकड्यांपेक्षा तो खरा.

माझी जाऊ आता माझ्याबरोबर बाजाराला येते. एस.टी.तून उतरलो की बस जाईपर्यंत आम्ही रसवंतीच्या सावलीत उभ्या राहतो. मग शाळेपर्यंत चालतो. तिला चाळीस पावलांना मिनिटभर लागतं, मी तिच्या चालीनं चालते. पट्ट्यांपाशी आलो की मी सवयीनं म्हणते, "चल, मोकळा हाय." ती जागची हलत नाही. म्हणते, "तुमी बघा अक्का, मी बी बघते."

ती तिच्या डोळ्यांनी बघते, आणि मग आम्ही जातो. नमस्कार.